निळ्या ट्रीनची चौथी पायरी

गळ्यात नगरपालिकेची साखळी घालून तुम्ही खोटं बोललात. चुकून नाही, ठरवून. मे महिन्यातल्या त्या शनिवारी, सकाळी अकराला पाच मिनिटं कमी असताना, व्लीरहाउटच्या बाजारचौकात दोन हजार माणसांसमोर तुम्ही म्हणालात, "हा सूर आपल्या मातीतला आहे आणि तो आपल्या या सुपुत्राच्या डोक्यातून जन्मला." मग फडकं ओढलंत. खाली कांस्याची पाटी: 'सूर: ऑर्झेन'. त्याच्या बरोब्बर नऊ दिवस आधी विल्मीन काउटन तुमच्या कचेरीत येऊन, तुमच्या टेबलावर आपल्या बापाचं पुठ्ठ्याचं पुस्तक उघडून दाखवून गेली होती. तेव्हा 'मला माहीत नव्हतं' ही पळवाट तुम्हाला बंद आहे, महापौर. दुसरी शोधा.

तुम्ही या गावात सहा वर्षांपूर्वी नेमणुकीवर आलात. हे प्रकरण त्याहून जुनं आहे, तेव्हा पहिल्यापासून ऐका.

ऑर्झेन हे नाव पित्तावरच्या गोळीचं वाटतं. त्याचं खरं नाव यूप स्नूरेन, सायकलवाल्या स्नूरेनचा धाकटा. बापाच्या दुकानात त्याला पंक्चर काढायला बसवलं तर दोनाची चार व्हायची. सोळाव्या वर्षी कार्निव्हलच्या मिरवणुकीत तो एका गाड्यावर उभा राहून लोकांच्या तबकड्या वाजवायला लागला, आणि तिथे त्याला आपली कला सापडली. हात वर करणं. यात त्याला तोड नाही, हे कबूल केलं पाहिजे. कधी वर करायचे, किती वेळ तसेच ठेवायचे, कुठल्या क्षणी डोळे मिटायचे, हे सगळं त्याला उपजत येत होतं. बाकी काही येत नव्हतं आणि ते शिकायची गरजही त्याला कधी पडली नाही, कारण तीन घरं सोडून विल्मीन राहत होती.

विल्मीन त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. तिचा बाप ड्रीक काउटन रस्त्यावर ऑर्गन फिरवायचा. चाकांवरचं ते धूड, घराच्या भिंतीएवढं, निळ्या रंगाचं, वर लाकडी बाई हातात घंटी घेऊन उभी. नाव निळी ट्रीन. ड्रीक मागे उभा राहून मोठं चाक फिरवायचा, पुठ्ठ्याचं घडीघडीचं पुस्तक एका बाजूने आत जायचं, दुसऱ्या बाजूने बाहेर यायचं, आणि पुठ्ठ्यात जिथे भोक तिथे नळी वाजायची. विल्मीन पुढे पितळी डबा खुळखुळवत उभी. आठ वर्षांची असताना ती रस्त्याच्या पलीकडून सांगायची, "पप्पा, डावीकडून सातव्या नळीला ओल लागलीय." आणि लागलेली असायची. असा कान.

अशा कानाच्या मुलीच्या माळ्यावर एक दिवस यूप चढून आला. तिथे तिचा संगणक होता आणि ती त्यावर आपले आपले सूर जुळवत बसायची.

"विल, मला असं काहीतरी करून दे. आधी ट्रर्रर्र चढत जाईल, चढत जाईल, आणि मग धाडकन पडेल."

"काय पडेल?"

"सगळंच. लोकांना पडलेलं आवडतं."

"आणि सूर?"

"घाल की थोडा. फार नको, लोक नाचतात ना."

तिने हसत हसत करून दिलं. दीड तास लागला. ते वाजवून त्याला ब्रेडा शहरातल्या एका क्लबात जागा मिळाली. पुढचं तिने चार तासांत करून दिलं, त्यावर तो रॉटरडॅमला पोचला. मग एक मॅनेजर आला, त्याच्या मागून वकील आला, आणि विल्मीनसमोर सात पानी कागद ठेवला गेला. गाणी तिने करायची, नाव त्याचं लागायचं, आणि तिने कुठे बोलायचं नाही. तिने सही केली. ठरलेले पैसे ठरल्या दिवशी मिळाले, त्यातून तिने स्वयंपाकघर नवं करून घेतलं. पैशाचं भांडण नाही. तो मुद्दा कोणी मध्ये आणू नये. या धंद्यात निम्म्यांची गाणी अशीच होतात, दुसऱ्याच्या माळ्यावर, आणि सगळ्यांना ते ठाऊक असतं. जेवण एकाने रांधायचं आणि दुसऱ्याने ढेकर द्यायचा.

पण ढेकर तरी किती मोठा द्यावा. यूप ऑर्झेन झाला आणि इबिझापासून लास वेगासपर्यंत टेबलावर चढून उभा राहायला लागला. समोर बटणं असायची, ती तो पिळायचा, चेहरा असा करायचा की जणू कोणी दात उपटतंय. गाण्यांचा संच घरूनच बांधून आलेला असायचा. आतषबाजीची वेळ सेकंदाला सेकंद ठरलेली, मग हा मधेच काय कप्पाळ वाजवणार. एकदा जगातल्या नामवंत डीजेंच्या यादीत तो चौदावा आला, तेव्हा त्याने मुलाखत दिली की मला आवाज रंगांत दिसतात. पुढच्या वर्षी अठ्ठाविसावा आला, तेव्हा थकवा आला म्हणून पेरूमध्ये तंबूत जाऊन बसला आणि सोबत कॅमेरावाला घेऊन गेला. एकांताचं चित्रीकरण. त्या फिल्ममध्ये तो म्हणतो, "मी दिवसाला अठरा तास स्टुडिओत असायचो." विल्मीनने ते जेवताना पाहिलं. घास घशात अडकला, नवऱ्याला पाठीत थापट्या माराव्या लागल्या.

ती स्वतः तेव्हा काय करत होती? चर्चच्या रस्त्यावर तिचं कानाच्या यंत्रांचं दुकान आहे. म्हातारे तर येतातच, पण हल्ली पस्तिशीची माणसं येतात, कानात सतत शिट्टी वाजते म्हणून. ती विचारते, कुठे उभे असायचात? ते सांगतात, ऑर्झेनच्या स्पीकरपुढे, तीन उन्हाळे. हा कान फोडणार, ती शिवणार.

आता त्या सुराकडे येऊ. ज्याच्यासाठी तुम्ही पाटी ओतून घेतलीत.

२०१२च्या हिवाळ्यात यूपचा फोन आला. "विल, या वेळी आत्मा पाहिजे. मॅनेजर म्हणतो आत्मा चालतोय सध्या."

आत्मा काही ऑर्डर दिल्यावर होत नाही. चार दिवस तिला काही सुचेना. पाचव्या दिवशी ती बापाच्या शेडमध्ये गेली. ट्रीन तेव्हा विकून झाली होती, पण पुठ्ठ्याची पुस्तकं होती. त्यात एक पुस्तक ड्रीकने स्वतः रचलेलं. १९७४च्या वसंतात ट्रीनचं चाक मोडलं, दोन आठवडे ऑर्गन जागेवर, तेव्हा हा गडी घरात बसून हातपंचने भोकं पाडत होता. बत्तीस तालखंडांचा सूर. त्यात एके ठिकाणी तो वर चढत जातो. एक, दोन, तीन, आणि चौथी पायरी हवी, तर चौथीची नळीच ट्रीनला नव्हती. रस्त्यावरच्या ऑर्गनांना सगळे स्वर नसतात, लाकूड आणि पैसा वाचवायला बनवणारे काही नळ्या गाळतात. दुसऱ्या कोणी सूर बदलला असता. ड्रीक हट्टी. त्याने तिसरीवर जरा जास्त थांबून सरळ पाचवीवर उडी मारली. ऐकणाऱ्याचा पाय क्षणभर हवेत राहतो. मग पाऊल टेकतं.

विल्मीनने तो सूर घेतला, उडीसकट. हा तिचा गुन्हा, आणि ती तो नाकारत नाही. बापाला विचारलं नाही. वाटलं, घरातलीच वस्तू आहे.

त्या गाण्याने यूपला सातव्या नंबरावर नेलं. इंग्रजी नाव, तीन शब्द, अर्थ शून्य. फुटबॉलच्या मैदानात साठ हजार लोक ती उडी बोंबलत मारायला लागले. आणि यूपने सगळ्या जगाला सांगितलं की इबिझात पहाटे समुद्रावर बसलो होतो, एका पक्ष्याने उडता उडता गचका खाल्ला आणि मला ती उडी सुचली. पक्षी. निदान बापाचं सायकलचं दुकान तरी सांगायचं, चेन निसटल्यासारखी उडी.

ड्रीकने ते गाणं वृद्धाश्रमात ऐकलं, कोणाच्या तरी नातवाच्या फोनवर. त्याचे कान तेव्हाच अर्धे गेले होते. विल्मीन यंत्र साफ करायला आली तेव्हा म्हणाला, "आपल्या ट्रीनचं वाजवतायत सगळीकडे."

"हो पप्पा. आवडलंय लोकांना."

"माझं आहे हे माहितीय त्यांना?"

"नाही अजून."

"या गावात तरी कळू दे. बाहेरच्यांचं सोड."

"कळेल. मी बघते."

एवढंच. या एका शब्दाला ती बांधलेली होती. दहा वर्षं त्याने पुन्हा विचारलं नाही आणि दहा वर्षं ती ते विसरली नाही. म्हातारा आज चौऱ्याऐंशीचा आहे, महापौर. वाट बघायला त्याच्याकडे किती शिल्लक आहे याचा हिशोब तुम्हीच करा.

मग गेल्या हिवाळ्यात तुमच्या समितीला साक्षात्कार झाला. चौकातल्या बुरुजावरच्या घंटा दर तासाला जे वाजवतात ते जुनाट झालं, आता ऑर्झेनचा सूर लावू, पर्यटक येतील. वृद्धाश्रम बुरुजाच्या पायाशी. ड्रीकची खिडकी बरोबर समोर. विल्मीनने यूपला फोन केला.

"पाटीवर पप्पांचं नाव घालायला सांग. एकच ओळ. 'मूळ सूर: ड्रीक काउटन.' बाकी सगळं तुझं राहू दे."

"विल, कागद म्हणजे कागद. तूच सही केलीस."

"माझ्या कामावर केली. त्यांच्या सुरावर नाही."

"अगं, म्हाताऱ्या माणसाला काय फरक पडतो आता? मी त्यांना सहीची टोपी पाठवतो. मर्यादित आवृत्तीतली आहे."

टोपी खरंच आली. चांदीच्या अक्षरांत ऑर्झेन. विल्मीनने ती मांजराच्या टोपलीत अंथरली.

आणि मग ती तुमच्याकडे आली. आठवतंय? तुम्ही कॉफी दिलीत, बिस्किटाचा डबा उघडलात, तिने एक घेतलं, डबा बंद केलात. तिने पुस्तक उलगडलं. पहिल्या घडीवर पेन्सिलने लिहिलेलं: 'ड्रीक काउटन, एप्रिल १९७४'. तिने बोटाने भोकं दाखवली. इथे तिसरी, इथे रिकामं, इथे पाचवी. तुमच्या सेक्रेटरीने फोनवर गाणं लावलं आणि तुम्ही तिघांनी त्या भोकांवरून बोट फिरवत ऐकलं. भोक न् भोक जुळलं. सेक्रेटरीच्या हातावर काटा आला, ती तसं बोललीसुद्धा.

तुम्ही म्हणालात, "फारच गोड वस्तू आहे. संग्रहालयाला द्यायचा विचार केलात का?"

"मला संग्रहालय नको. पाटीवर नाव हवंय."

"बाई, पाटी ओतून झाली. आणि अशा गोष्टींची एक पद्धत असते."

पद्धत. चोरी करायला पद्धत लागत नाही, परत द्यायला लागते.

घंटावादक टीमन बाउर हा या सगळ्यात एकच माणूस जो आपलं काम जाणतो, आणि घोटाळा नेमका त्याच्या हातून झाला. बुरुजात एक प्रचंड पोलादी पिंप आहे, त्याला भोकं आणि भोकांत खुंट्या. पिंप फिरलं की खुंटी तार ओढते आणि घंटा वाजते. सूर बदलायचा तर टीमन दोन दिवस आत बसून खुंट्या उपटतो आणि नव्या बसवतो. ऑर्झेनच्या ऑफिसने त्याला सुराचा कागद पाठवला. टीमनने वाचला, आणि जिन्यावर अडखळावं तसा अडखळला. तिसरी, मग पाचवी. चौथी गायब. हा माणूस गाणीबिणी ऐकत नाही, तो बुरुजाबाहेरचं जग कबुतरांच्या उंचीवरून बघतो. त्याला वाटलं, टंकणाऱ्याची चूक.

योगायोगाने त्याच आठवड्यात यूप कॅमेरा घेऊन बुरुज चढला, फोटो काढायला. टीमनने कागद त्याच्यापुढे धरला. हे टीमनने नंतर स्वतः विल्मीनला सांगितलं.

"इथे एक स्वर सुटलाय का? माझ्याकडे ती घंटा आहे. घालू?"

यूपने कागद बघितला. उलटा नव्हता, एवढंच नशीब. "तुला काय वाटतं?"

"मला वाटतं घालावा. पण सूर तुमचा आहे."

"मित्रा, जे आतून बरं वाटतं ते कर. मी नेहमी तसंच करतो."

टीमनने चौथी खुंटी ठोकली.

तो शनिवार. ऊन होतं, कधी नव्हे ते. चौकात बँड, सॉसेजच्या पावांचे ट्रे, शाळेची पोरं चांदीच्या टोप्या घालून. विल्मीनने ड्रीकला चाकांच्या खुर्चीत बसवून पुढे आणलं होतं, तुमच्यापासून दोन पावलांवर. त्याला तिने सांगितलं होतं की नाव नाही लागणार. तो म्हणाला होता, "सूर तर ऐकू. घंटांवर कधी ऐकला नाही." त्याच्या यंत्रात तिने नवे सेल घातले होते.

तुम्ही ते वाक्य बोललात. फडकं ओढलंत. अकरा वाजले आणि बुरुज गायला लागला.

दोन हजार माणसं सोबत गुणगुणत होती. एक, दोन, तीन, आणि सवयीने सगळ्यांनी उडी मारली. बुरुज चौथ्या पायरीवर पाय ठेवून सरळ चालत गेला. अख्खा चौक एकीकडे, घंटा दुसरीकडे. माणसं एकमेकांकडे बघून कसनुसं हसली. सूर पुन्हा फिरून त्या जागी आला, पुन्हा तेच. सगळी गंमत गेली. घरच्या जिन्यासारखा सरळसोट सूर.

आणि ज्याच्या डोक्यातून तो जन्मला होता तो मंचावर उभा होता. हात वर. डोळे मिटलेले. शेवटी त्याने बोटांचा बदाम करून बुरुजाला दाखवला.

घंटा थांबल्या. त्या शांततेत बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात ड्रीक म्हणाला, "ती पायरी कोणी भरली? ट्रीनला ती नळी नव्हती."

तुम्ही ऐकलंत. तुम्ही खाली वाकून म्हणालात, "सुंदर ना, श्री. काउटन?"

विल्मीन मंचापाशी गेली. तिने आवाज चढवला नाही. कागदात तिने बोलायचं नाही असं लिहिलं होतं, विचारायचं नाही असं लिहिलं नव्हतं.

"यूप, कसं वाजलं?"

"परफेक्ट. बघ, काटा आलाय."

"सगळं बरोबर होतं?"

"अगदी सेम."

"एक स्वर चुकलाय. दोन्ही वेळा. कुठला ते सांग."

यूपने मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजरने तुमच्याकडे पाहिलं. पहिल्या रांगेतली एक शाळकरी पोरगी बोट वर करून बसली होती, तिला येत होतं. तुम्ही तिच्याकडे पाहिलंत, यूपकडे पाहिलंत, साखळी सरळ केलीत आणि माइकवर म्हणालात, "मंडळी, कॉफी आणि गरम पाव तयार आहेत."

ज्या आईला आपलं पोर बदललेलं कळत नाही ती आई कसली? हे कळायला संगीत यावं लागत नाही. तुम्हाला त्या क्षणी कळलं. सबंध चौकाला कळलं. लोक पाव खायला गेले, कारण आपल्या गावातून एकच माणूस प्रसिद्ध झालाय आणि तोही पोकळ निघाला तर दाखवायला उरणार काय?

विल्मीनने तीन पत्रं लिहिली. पहिल्यात पाटीवर नाव मागितलं. उत्तर आलं, आपला अर्ज मिळाला, सहा आठवड्यांत कळवू. दुसऱ्याला तेच उत्तर, तारीख बदलून. मग टीमन स्वतः तिच्या दुकानात आला, टोपी हातात घेऊन.

"ती खुंटी मी ठोकली, विल्मीनबाई. दहा मिनिटांत उपटतो. पण लेखी परवानगी लागते."

तिसऱ्या पत्रात तिने फक्त तेवढं मागितलं. नाव राहू दे, खुंटी काढा. तुमच्या कचेरीने नियमाप्रमाणे सुराच्या निर्मात्याला विचारलं. निर्मात्याच्या ऑफिसने कळवलं: कलाकाराला सध्याची आवृत्ती अधिक आवडते.

ते पत्र तिने बापाला वाचून दाखवलं नाही. तो विचारतही नाही. पण तासाला पाच मिनिटं कमी असली की तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो, दोन्ही कानांतली यंत्रं काढतो, बशीत ठेवतो, आणि तास होऊन गेला की पुन्हा घालतो. सकाळी आठपासून संध्याकाळी आठपर्यंत. दिवसातून तेरा वेळा. एकेका यंत्राला आता वेळ लागतो. ज्या मुलीने ती यंत्रं बापाला ऐकू यावं म्हणून बसवली, ती समोर बसून हे बघते. परवा नर्सने विचारलं, "ड्रीक, घंटा आवडत नाहीत का?"

"घंटा आवडतात," तो म्हणाला. "खोटं आवडत नाही."

आमच्या मराठीत म्हणतात, बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर. विल्मीनने तुम्हाला बाप दाखवला. पुठ्ठ्यावर दाखवला, खुर्चीत बसवून दाखवला. तुम्हाला बहुतेक श्राद्धाचीच वाट बघायची आहे, मग चौथ्या पत्राचं उत्तर ऐकायला कोणी उरणार नाही.

म्हणून सहा आठवडे नकोत, पद्धत नको, संग्रहालय नको. एकच प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर एका शब्दात मावतं. त्या शनिवारी तुम्ही मंचावर त्याच्या शेजारी उभे होतात, त्याचा चेहरा तुम्ही बघितलात. सूर चुकला हे त्याला कळलं होतं का? हो की नाही, ते लिहा, खाली सही करा आणि वृद्धाश्रमाच्या खोली नंबर अकरामध्ये पाठवा.